जुने पाईप, चार नग

ऑडिट हा शब्द मी शाळेत शिकलो नाही. तो मला कोंबड्यामुळं कळला. आमच्या लहानपणी ग्रामपंचायतीचा शिपाई वस्त्यांवर कोंबडा धुंडत फिरायला लागला की बाया म्हणायच्या, "आज आडीट आलंय वाटतं." आडीट म्हणजे तालुक्याहून येणारा कोणी मोठा पाव्हणा असतो आणि त्याला तांबड्या तुऱ्याचाच कोंबडा लागतो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. चावडीच्या मागं तीन दगडांची चूल पेटायची. आम्ही पोरं भिंतीवरनं डोकावायचो. दुपारी पाव्हणा जेवायचा, तास दोन तास वह्यांवर लाल पेन्सिलीनं खुणा करायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं जायचा. वह्या पुन्हा लोखंडी कपाटात. गावाच्या वाट्याला त्यातलं काय यायचं, तर रश्श्याचा वास.

आमचं गाव सीना नदीच्या खोऱ्यातलं. पण नदी लांब, आम्ही माळावर. पाऊस आला तर आला. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई-वडील दोघंही खडी फोडायला जायचे. मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन आम्ही ते साल काढलं, ते सगळं पुष्कळांनी लिहिलंय, मी पुन्हा लिहीत नाही. मला सांगायचंय ते मस्टरबद्दल. वडलांना अक्षरओळख नव्हती. कामावर गेले त्या दिवशी रात्री ते चुलीतला विझका कोळसा घ्यायचे आणि भिंतीवर एक रेघ मारायचे. आईची वेगळी, त्यांची वेगळी. पगाराच्या दिवशी मला बरोबर न्यायचे, कारण मी सातवीत, वाचता येणारा. मुकादमानं नाव पुकारलं, "नऊ दिवस." वडील म्हणाले, "माझ्या भित्तीवर अकरा हायेत." मुकादम हसला. म्हणाला, "भित्तीला सरकार पगार देत न्हाई, मस्टरला देतं."

मी मस्टरमध्ये डोकावलो. वडलांच्या नावापुढं नऊच खुणा होत्या. पण त्याच पानावर आमच्या आळीतली एक म्हातारी होती, जी मागच्या पोळ्याला वारली होती. ती मेलेली म्हातारी आठवडाभर खडी फोडत होती आणि तिचा अंगठाही उठलेला होता. मी वडलांच्या कानात सांगितलं. त्यांनी माझा दंड दाबला. नऊ दिवसांचा पगार घेतला, अंगठा दिला, आणि आम्ही घरी आलो. भिंतीवरच्या नऊ रेघा त्यांनी पोतेऱ्यानं पुसल्या. दोन ठेवल्या. त्या पुढं कितीतरी दिवस तिथं होत्या.

१९७६ ला मी दहावी झालो. जुनी अकरावीची मॅट्रिक गेली, नवी दहावी आली, तिची आमची दुसरी खेप. पुढं शिकायची ऐपत नव्हती. पण गावात दहावी पास म्हणजे तेव्हा मान होता. लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. माझी सही वळणदार. शेवटच्या अक्षराची शेपटी मी पार खालून फिरवून पहिल्या अक्षराच्या पोटात आणून सोडायचो. ह्या सहीचा मला फार अभिमान होता, हे आधीच सांगून ठेवतो.

१९९७ ला मी आमच्या वॉर्डातून बिनविरोध पंच झालो. सरपंच होते आमच्या भावकीतले दादा. मोठा मनाचा माणूस. कोणाच्या लग्नाला ज्वारी कमी पडली तर पोतं पाठवायचे आणि परत मागायचे नाहीत. पंचायतीची मासिक सभा म्हणजे खरं तर शिपाई सायकलवर प्रोसिडिंग बुक घेऊन शेतात यायचा. मी मोटेच्या जुन्या थारोळ्यावर बसलेला असायचो, नाहीतर दारं धरत चिखलात उभा. "आण्णा, सही." मी हात धोतराला पुसायचो आणि सही करायचो. खाली शेपटी फिरवायला मात्र विसरायचो नाही. वर काय लिहिलंय ते वाचत नव्हतो. कधीकधी वर काहीच लिहिलेलं नसायचं, ते नंतर लिहीत. पाच वर्षांत मी अशा किती सह्या केल्या असतील, देव जाणे.

१९९९ च्या उन्हाळ्यात खालच्या वस्तीला नळाचं पाणी न्यायचं काम निघालं. त्याच सुमाराला मी माझ्या विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत पाईपलाईन पुरत होतो. पैसे संपले आणि लाईन ऐंशी फुटांनी तोकडी पडली. हे मी पारावर दादांपुढं सहज बोललो होतो. तिसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला एक ट्रॅक्टर आला आणि वीस-वीस फुटांचे चार पाईप विहिरीवर टाकून गेला. ड्रायव्हर म्हणाला, "दादांनी सांगितलंय, उरलेत." मी विचारलं नाही की कशातनं उरलेत. 'उरलेत' हा शब्द मला पुरला. चार वीसं ऐंशी. आठ दिवसांत वरच्या तुकड्यात पाणी खेळायला लागलं.

पुढच्या साली ऑडिट आलं. ह्या वेळचे साहेब वेगळे निघाले. उतारवयाचे, धोतर-टोपीवाले असावेत असा चेहरा पण अंगात पँट-बुशकोट, आणि खांद्याला शबनम पिशवी. कोंबडा आधीच कापून झाला होता. साहेब म्हणाले, "मी डबा आणलाय." लिंबाखाली बसले, स्वतःच्या भाकरी-पिठल्याचा डबा खाल्ला, पाणी तेवढं आमचं प्याले, आणि दिवसभर वह्या काढायला लावल्या. रोकडवही, प्रमाणकं, दरपत्रकं, मोजमाप पुस्तक, जडवस्तू रजिस्टर. आम्ही पंच मंडळी आत बसून त्यांची टिंगल करत होतो. "ह्याला चवच न्हाई." कोंबडा वाया जाऊ नये म्हणून तो आम्हीच खाल्ला. मीही खाल्ला. त्याचे पैसे सादिल खर्चात पडले असणार, दुसरं कशात पडणार?

नंतर मी निवडणुकीला उभा राहिलो नाही. दादा २००८ ला गेले. गावात सत्ता पालटली, बायकांना पन्नास टक्के जागा आल्या, सरपंचबाई खुर्चीवर बसू लागल्या आणि त्यांचे यजमान खुर्चीमागं. मी आपला शेती करत होतो आणि अधनंमधनं असं काहीबाही लिहीत होतो.

२०१२ चा पाऊस गेला तसा लोकांना बहात्तर आठवला. २०१३ च्या जानेवारीत गावात दोन दिवसांआड टँकर. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत नेहमीप्रमाणं वीसेक माणसं. घरपट्टी-पाणीपट्टी वाढवायचा विषय निघाला, कारण पाणीपुरवठ्याच्या मोटारीचा दुरुस्ती खर्च फार आहे म्हणे. तेव्हा मागं दाराशी बसलेल्या आक्का उठल्या. सत्तरीच्या, विधवा, टँकरच्या रांगेत पहिल्या घागरीचा मान असलेल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मोटार कितींदा जळली?"

कोणी उत्तर दिलं नाही. यजमान म्हणाले, "आक्का, ते हिशेबाचं असतंय, तुम्हाला कळायचं न्हाई." आक्का माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आण्णा, तुम्ही पंच व्हता. तुम्हाला तरी कळतंय का?"

मला कळत नव्हतं. खरंच नव्हतं. पाच वर्षं सह्या केल्या होत्या, पण एकदाही रोकडवही उघडून पाहिली नव्हती.

माहितीच्या अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला होता. त्याच्याही आधी राजस्थानात मजुरांनी काय केलं ते मी वाचलं होतं. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी त्यांनी जनसुनावणी घेतली आणि कामांचे कागद भर सभेत वाचून दाखवले. ते वाचताना मला आमच्या आळीतली मेलेली म्हातारी आठवली होती. पण वाचणं वेगळं आणि आपल्याच गावात अर्ज टाकणं वेगळं. ज्याच्याकडं अर्ज द्यायचा त्या भाऊसाहेबांच्या हातचा चहा रोज प्यायचा. भाऊसाहेब म्हणजे आमच्याकडं ग्रामसेवक.

सुनेनं जोडपत्र 'अ' चा नमुना तालुक्याहून आणला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलं. मागितलं काय, तर मागच्या लेखापरीक्षणाचा अहवाल आणि पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीची प्रमाणकं. तीस दिवस वाट पाहिली. काही नाही. मग वीस रुपयांचं स्टॅम्प लावून अपील. मार्च अखेरीला पंचायत समितीत सुनावणी झाली. यजमान मला बाहेर भेटले, म्हणाले, "आण्णा, कशाला म्हातारपणी?" मी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होतो. एप्रिलमध्ये पानाला दोन रुपये भरून कागद हातात आले.

अहवाल वाचणं म्हणजे नांगरट आहे. पहिल्यांदा ढेकळंच निघतात. 'आक्षेपाधीन रक्कम', 'वसूलपात्र रक्कम', 'अनुपालन'. रात्री कंदिलाला, म्हणजे लाईट नसायची म्हणून कंदिलाला, मी एकेक ओळ तीन-तीनदा वाचली. मग उमजायला लागलं. हे लेखापरीक्षण पंचायतीचे लोक करत नाहीत, पंचायत समितीही नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षा म्हणून राज्य सरकारचं वेगळं खातं आहे आणि त्याचा कायदा पार १९३० चा, इंग्रजांच्या काळातला. ते येतात, तपासतात, आक्षेप लिहितात. पंचायतीनं त्याला उत्तर द्यायचं, ते अनुपालन. उत्तर पटलं तर आक्षेप निघतो, नाहीतर पुढच्या अहवालात 'मागील प्रलंबित' म्हणून चालत राहतो, सावकाराच्या वहीतल्या बाकीसारखा.

मोटारीचा आक्षेप असा होता. साडेसात हॉर्सपॉवरची एक मोटार, २०११-१२ ह्या एका वर्षात सहा वेळा रिवाइंडिंग. तीन दरपत्रकं घेतलेली नाहीत. आणि खाली एक ओळ: जुन्या तांब्याच्या तारेची जमा दाखवलेली नाही.

ह्या शेवटच्या ओळीनं मी त्या न पाहिलेल्या ऑडिटर साहेबाला हात जोडले. मोटार कधी जळली नाही असा शेतकरी नाही. एक फेज गेला, मोटार घुमली, जळली. ती काढायची, ट्रॉलीत घालायची, तालुक्याला न्यायची. कारागीर जुनं वायंडिंग काढतो, चार-पाच किलो तांबं निघतं. ते तांबं आपलं असतं. कारागीर ठेवून घेतो तर बिलात वजा करतो, आणि वजा केलं नाही तर आपण दुकानातच भांडतो. भंगारात तेव्हा किलोला साडेतीनशे-चारशे मिळत होते. सहा वेळा मोटार जळली आणि एकदाही तांबं घरी आलं नाही?

पण साहेबाला कागदावरनं जे दिसलं नाही ते मला प्रमाणकांच्या तारखांवरनं दिसलं. सहातली दोन बिलं मार्च २०१२ मधली होती, अकरा दिवसांच्या अंतरानं. त्या मार्चमध्ये आमच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीत पाणीच नव्हतं. टँकर सुरू झाला होता. मोटार वर काढून पंचायतीच्या पडवीत ठेवलेली, तिच्यावर पोरं बसून पत्ते खेळत. ऑफिसात बसलेल्या माणसाला बिल दिसतं, विहीर दिसत नाही. आम्हाला विहीर दिसते, बिल कोणी दाखवत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात लिहिलंय, की आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढं मागच्या वर्षाचा जमाखर्च, शेवटच्या लेखापरीक्षणाची टिप्पणी आणि तिला दिलेली उत्तरं ठेवायची. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून हे दोघं, बिल आणि विहीर, वर्षातनं एकदा समोरासमोर यायला हवे होते. मी स्वतः पाच वर्षं पंच होतो. मला ह्या कलमाचा पत्ता नव्हता.

अहवालाच्या शेवटी मागच्या प्रलंबित आक्षेपांची यादी होती. त्यातली एक ओळ: सन १९९९-२०००, मुद्दा क्रमांक ११, पीव्हीसी पाईप खरेदी, रुपये १८,७२०, अनुपालन अप्राप्त.

मी पुन्हा अर्ज केला, ह्या वेळी दप्तर बघायचा. पहिला तास फुकट असतो. भाऊसाहेबांनी मुकाट्यानं जुना अहवाल आणि प्रोसिडिंग बुक पुढं ठेवलं. डबावाल्या साहेबांचं अक्षर बारीक, मोत्यासारखं. बावन्न पाईप खरेदी, दर ३६०. मोजमाप पुस्तकाप्रमाणं प्रत्यक्ष वापर चव्वेचाळीस. शिल्लक आठ पाईपांची जडवस्तू रजिस्टरला नोंद नाही. आणि प्रोसिडिंगमध्ये ठराव: 'सदर बिल अदा करणेस ही सभा मंजुरी देत आहे.' अनुमोदक म्हणून माझं नाव. खाली माझी वळणदार सही, शेपटी पहिल्या अक्षराच्या पोटात.

तासातली चाळीस मिनिटं शिल्लक होती. मी उठलो आणि घरी आलो.

१ मे ची ग्रामसभा. दुष्काळ, त्यात लोकांना कळलेलं की आण्णानं कागद काढलेत. मारुतीच्या देवळापुढं दोनशे माणसं तरी असतील, बाया वेगळ्या बसलेल्या. मी मोटारीचा आक्षेप वाचला. तांब्याचं समजावून सांगितलं, सगळ्या शेतकऱ्यांनी माना हलवल्या. मग मार्चच्या दोन बिलांच्या तारखा वाचल्या. आक्का तिथनंच ओरडल्या, "मार्चात हिरीत बेडूक बी नव्हता! मोटार कशानं जळली?" एवढा हशा झाला, एवढ्या टाळ्या पडल्या, की यजमानांना बोलताच येईना. मी खाली बसलो तेव्हा दोन तरण्या पोरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

प्रलंबित यादीचं पान मी घरी पेटीत ठेवून आलो होतो.

सभा संपल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता भाऊसाहेब जवळ आले. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली ठेवून म्हणाले, "आण्णा, मुद्दा अकरा राहिला काय?"

बस, एवढंच. पुन्हा कधी ते त्यावर बोलले नाहीत. पण मला त्या रात्री झोप आली नाही. पहाटे कारभारणीला सांगितलं. तिला पाईपांचं ठाऊकच होतं, ट्रॅक्टरवाल्याला तिनंच चहा दिला होता. ती म्हणाली, "उकरून द्या. हीर कोरडी हाय, पाईप असला काय न् नसला काय." हे साधं गणित मला सुचलं नव्हतं असं नाही. पण उकरायचा म्हणजे का उकरला ते सांगावं लागणार. आणि सांगायचं म्हणजे दादांचं नाव निघणार. दादा जाऊन पाच वर्षं झालेली. मेलेल्या माणसावर ढकलतोय म्हणतील. असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं कारण पाठीवरची ती थाप होती, हे आता लिहायला हरकत नाही.

जूनमध्ये पाऊस आला, चांगला आला. जुलैअखेर विहिरीत दोन पुरुष पाणी. वरच्या तुकड्यात मी कांद्याचं रोप टाकलं. कारभारीण म्हणाली, "मे म्हैन्यात उकरला आसता तर फुकटात पुण्य व्हतं."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी वहिनींकडं गेलो, दादांच्या मागं त्या थोरल्या वाड्यात मुलांबरोबर राहतात. त्यांनी चहा केला. मी जे काय ते सांगितलं, की पंधरा ऑगस्टच्या सभेत हे वाचणार आहे, तुम्हाला बाहेरनं कळायच्या आधी घरातनं कळावं म्हणून आलोय. वहिनी बराच वेळ पदराचा काठ नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते असताना का न्हाई वाचलंत? तुमच्या रानात पाणी गेलं तवा ग्वाड लागलं, आन् आता ते न्हाईत तर त्यांचं नाव चव्हाट्यावर." मी म्हणालो, नाव घेणार नाही. त्या म्हणाल्या, "गावाला म्हाईत न्हाई व्हय सरपंच कोण व्हता?" ह्याला उत्तर नव्हतं. चहा तसाच राहिला. त्या दिवसापासून वहिनी आमच्या घरी आल्या नाहीत. दोन वर्षांनी माझ्या धाकट्या मुलाचं लग्न झालं. पत्रिका घेऊन मी स्वतः गेलो होतो. वाड्यातनं पोरं आली, वहिनी आल्या नाहीत.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर मी मुद्दा अकरा वाचला. 'तत्कालीन सरपंच' एवढंच म्हणालो. अनुमोदकाचं नाव मात्र पूर्ण वाचलं, आडनावासकट. आठातले चार पाईप माझ्या रानात आहेत, तीनशे साठप्रमाणं एक हजार चारशे चाळीस रुपयांचे, बाकीचे चार कुठं गेले मला ठाऊक नाही, असं सांगितलं. ह्या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मे मध्ये पाठ थोपटणाऱ्यातलाच एक पोरगा म्हणाला, "मंजी आण्णा, तुम्ही बी त्यातलंच." मी म्हणालो, "व्हय." यजमान लगेच उठले. म्हणाले, ज्यानं स्वतः पंचायतीचा माल घरात घातला त्यानं मोटारीचं बोलावं का? लोकांनाही ते थोडं पटलं. मोटारीचं प्रकरण तिथनं ढिलं झालं. तांब्याचे काही हजार रुपये पुढं पंचायतीत जमा झाले, पण मार्चच्या दोन बिलांचं अनुपालन असं गेलं की विहिरीत आडवे बोअर घेऊन चाचणीसाठी मोटार सोडली होती, आणि 'पुढील काळात दक्षता घेण्यात येईल, तरी आक्षेप वगळण्यात यावा ही विनंती'. मी माझं पान मे मध्येच वाचलं असतं तर ही पळवाट त्यांना मिळाली असती का? मिळाली असतीही. पण माझ्या मनातनं ते जात नाही.

आक्कांचं मात्र वेगळंच. त्या सभेनंतर मला म्हणाल्या, "बरं केलं. आता तुमच्यावर इस्वास ठिवायला सोपं झालं." मला अजून त्याचा अर्थ नीट लागलेला नाही.

पाईप मी आणि थोरल्या मुलानं उकरले. काळी जमीन, पावसाळा, टिकाव मारला की चिखल दुप्पट वजनाचा वर यायचा. चौदा वर्षं पुरलेले पाईप, पण आतनं लख्ख. सोल्यूशन लावून चिकटवलेले सांधे सुटेनात, ते हेक्सा ब्लेडनं कापावे लागले. बैलगाडीत घालून पंचायतीत नेले. कांद्याचं रोप त्या साली मी घागरीनं शिंपलं, जेवढं जगलं तेवढं जगलं.

पंचायतीत आणखी गंमत. भाऊसाहेब डोकं खाजवत बसले. "आण्णा, जमा कशात दाखवू? पैसे आणले आसते तर पावती फाडली आसती." चोरीचा माल परत आणून देणारा माणूस बहुतेक कुठल्या नमुन्यात बसत नसावा. शेवटी त्यांनी जडवस्तू रजिस्टर काढलं आणि लिहिलं: 'जुने पीव्हीसी पाईप, चार नग.' मी टेप लावून मोजून घ्यायला लावले. तीन पाईप सांध्याला वीतभर कमी भरले, चौथा चांगला अडीच-तीन फूट तोकडा. तेही शेऱ्यात लिहिलं. मला साध्या कागदावर पोच दिली, गोल शिक्का मारून. ती मी दहावीच्या सर्टिफिकेटाच्या फाईलीत ठेवलीय.

पुढची दोन वर्षं ते पाईप पंचायतीच्या पडवीत उन्हात पडून होते. मग ऑडिट आलं. नवे साहेब, तरुण, लॅपटॉपवाले. कोंबड्याचं विचारणारं आता कोणी उरलं नव्हतं, हॉटेलातनं थाळ्या आल्या. महिन्या-दोन महिन्यांनी बदलून आलेले नवे भाऊसाहेब कागद घेऊन माझ्या ओट्यावर हजर. अहवालात नवा आक्षेप होता: जडवस्तू रजिस्टरला जुने पाईप चार नग जमा दिसतात, परंतु त्यांच्या खरेदीचे देयक अथवा प्रमाणक आढळून येत नाही, सदर पाईप कोठून प्राप्त झाले याचा खुलासा करावा. आणि खाली प्रलंबितांच्या यादीत मुद्दा अकरा होता तिथंच होता. म्हणजे कागदावर गेलेले आठ पाईप अजून गेलेलेच, आणि न घेतलेले चार पाईप आलेले.

मी इतका हसलो की म्हैस बुजली. नवे भाऊसाहेब बिचारे गोंधळले. म्हणाले, "काका, तेवढा खुलासा लिहून दिला आसता तर बरं झालं आसतं. मला जोडायचाय."

ओट्यावरच बसून लिहायला घेतला. १९९९ चा उन्हाळा, ट्रॅक्टर, उरलेत, चार वीसं ऐंशी. दीड पान झालं. खाली तारीख घातली आणि सही करायला पेन टेकवलं, तोवर आतनं कारभारणीचा आवाज आला, "सही करायच्या आदी वाचून दावा."

मी वाचून दाखवलं. ती पीठ मळत होती, मळता मळता ऐकलं सगळं.

"आन् गोठ्यातला?" ती म्हणाली.

"गोठ्यातला कोंचा?"

"गोमूत्र वाहून जायला लावलाय त्यो. चौथा पाईप कापून बसवला तवा उरलेला अडीच फुटाचा तुकडा."

मी पेन उचललं, तारखेच्या वर जागा होती तिथं एक ओळ वाढवली, आणि भाऊसाहेबांना म्हणालो, जरा बसा, करवत आणतो.